बालसंगोपन व पूर्वप्राथमिक शिक्षणाचे आर्थिक महत्त्व

बालसंगोपन व पूर्वप्राथमिक शिक्षण म्हणजे जन्मापासून सुमारे सहा वर्षे वयापर्यंतच्या बालकांची देखभाल, पोषण, आरोग्यरक्षण आणि शिक्षण यांची एकत्रित व्यवस्था होय. पाळणाघर, अंगणवाडी, बालवाडी, शिशुवर्ग ही या व्यवस्थेची महाराष्ट्रातील प्रचलित रूपे आहेत. ही व्यवस्था दीर्घकाळ समाजकल्याणाचा विषय मानली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र अर्थशास्त्रज्ञ तिच्याकडे आर्थिक गुंतवणूक म्हणूनही पाहू लागले. परवडणारी आणि दर्जेदार सेवा उपलब्ध असल्यास मातेची कमाई, मोठ्या भावंडांचे शालेय शिक्षण आणि खुद्द बालकाची भावी उत्पादनक्षमता या तिन्हींवर एकाच वेळी परिणाम होतो, हे या विचाराचे सार आहे.

प्रस्तुत लेखात या विषयाचा महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याच्या संदर्भात परामर्श घेतला आहे. शेतमजुरी, कापसाची वेचणी आणि हंगामी स्थलांतर यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या या जिल्ह्यात माता पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबत आल्या आहेत. त्यामुळे तेथे स्त्रीने कामाला जावे की नाही हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. ती कामावर असताना मूल कोठे आणि कोणाजवळ असावे, हा खरा प्रश्न असतो.

संज्ञा व व्याप्ती

या क्षेत्रातील संज्ञा व्यवहारात एकमेकींच्या जागी वापरल्या जात असल्या, तरी त्यांच्या अर्थांत भेद आहे. पाळणाघरात पालक कामावर असताना मुलांचा सांभाळ केला जातो. तेथे वेळेला महत्त्व असते आणि अगदी लहान मुलेही घेतली जातात. बालवाडीत साधारणतः तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना खेळ, गाणी, गोष्टी व हस्तकृती यांद्वारे शालापूर्व शिक्षण मिळते. अंगणवाडी हे शासनाच्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचे गावपातळीवरील केंद्र असून तेथे आहार, आरोग्य आणि शालापूर्व शिक्षण या सेवा एकत्र दिल्या जातात. शहरांतील खासगी संस्थांच्या वर्गांना नर्सरी, लहान गट (एलकेजी), मोठा गट (यूकेजी) अशी नावे आहेत.

आर्थिक दृष्टीने यांतील महत्त्वाचा फरक वेळेचा व वयाचा आहे. बालवाडी काही तास चालते; पाळणाघर मात्र पालकाच्या कामाच्या वेळेशी जुळलेले असावे लागते. अंगणवाडीत तीन वर्षांखालील मुलांना प्रामुख्याने घरी नेण्यासाठी शिधा, लसीकरण व वजनमापन या सेवा मिळतात; त्यांचा दिवसभराचा सांभाळ मूळ योजनेत समाविष्ट नव्हता.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बालवाडी चळवळ

पश्चिम भारतातील शालापूर्व शिक्षणाची पायाभरणी गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे १९२० साली सुरू केलेल्या बालमंदिराने झाली. तेथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी पुढे महाराष्ट्रात या कार्याचा विस्तार केला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये मुंबईतील दादर येथे शिशुविहार सुरू झाले.

मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची साधने महाग होती व ती खेड्यांतील गरीब मुलांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. हे ओळखून ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. या कामात त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांची साथ लाभली. बिया, शंख-शिंपले, माती, पाने, काड्या अशा परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूंपासून त्यांनी शैक्षणिक साधने तयार केली. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील (आता पालघर जिल्हा) कोसबाड येथे गेले. तेथील 'विकासवाडी'च्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडण्यात आल्या. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी थांबणारी मुले त्याला पाळणाघरात ठेवून शाळेत बसू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवण्यात आल्या. गरीब कुटुंबातील मुलाच्या वेळेलाही आर्थिक मूल्य असते आणि शिक्षणाची आखणी करताना ते विचारात घ्यावे लागते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

कामकरी मातांच्या मुलांसाठी दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामाच्या जागी फिरती पाळणाघरे सुरू केली. पुढे मुंबई व पुणे येथेही अशी पाळणाघरे चालवण्यात आली.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. महाराष्ट्रात धारणी (अमरावती जिल्हा) आणि मुंबईतील धारावी येथे तिचा आरंभ झाला. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा अंगणवाडीमार्फत दिल्या जातात. साधारणतः ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० लोकसंख्येच्या वस्तीसाठी एक मिनी अंगणवाडी असा निकष आहे. महाराष्ट्रात दोन्ही मिळून सुमारे १ लाख १० हजार केंद्रे आहेत.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते आणि ग्रामीण भागात शाळांचा प्रसार मर्यादित होता. मुंबई व उत्तर कोकणात रुजलेली बालवाडी चळवळ या भागातील खेड्यांपर्यंत पोहोचली, ती मुख्यतः अंगणवाडीच्या रूपाने. म्हणूनच परभणीसारख्या जिल्ह्यात शालापूर्व शिक्षणाचा विचार अंगणवाडीला वगळून करता येत नाही.

आर्थिक महत्त्व

मातेचे श्रम व कमाई

मुलांच्या संगोपनाचे घरातील काम बहुतांशी स्त्रिया करतात आणि त्याची मोजदाद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. घरातील व्यक्तींच्या विनावेतन देखभालीसाठी स्त्रियांची सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुषांची ७६ मिनिटे आहे.

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. या वाढीत स्वतःच्या शेतात वा घरच्या उद्योगात राबणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. घराजवळ, कमी उत्पन्नाचे व मुलाला सोबत घेऊन करता येण्याजोगे काम निवडण्यामागे संगोपनाची जबाबदारी हे एक प्रमुख कारण असते. विश्वासार्ह पाळणाघर मिळाल्यास स्त्रीला काम करण्याबरोबरच कामाची निवड करण्याचीही मोकळीक मिळते.

कॅनडातील क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर एवढ्या अल्प शुल्कात पाळणाघराची सोय सुरू केली. त्यानंतर तेथील मातांच्या रोजगारात लक्षणीय वाढ झाल्याचे अभ्यासांत आढळले. मोठ्या लोकसंख्येवर झालेल्या अशा बदलाचे हे उदाहरण या विषयावरील चर्चेत वारंवार दिले जाते.

मोठ्या भावंडांचे शिक्षण

धाकट्या भावंडाचा सांभाळ अनेकदा घरातील थोरल्या मुलीकडे येतो. हंगामात तिची शाळेतील हजेरी प्रथम घटते, अभ्यास मागे पडतो आणि पुढे शाळा सुटण्याची शक्यता वाढते. या नुकसानीची नोंद कोणत्याही हिशेबवहीत होत नाही. तथापि ते मुलीच्या पुढील आयुष्यातील कमाईवर, विवाहाच्या वयावर आणि तिच्या भावी अपत्यांच्या आरोग्यावर परिणाम करते. त्यामुळे पाळणाघराचा लाभ केवळ तेथे जाणाऱ्या बालकापुरता मोजल्यास तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

बालकाची भावी उत्पादनक्षमता

मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षे वयाच्या आत होतो, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद केले आहे. या काळातील आहार, बोलणे, खेळणे व माया यांची उणीव पुढे भरून काढणे कठीण व खर्चिक ठरते. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या काही अभ्यासांचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे आहेत.

• अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६० च्या दशकात गरीब कुटुंबांतील १२३ मुलांवर पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्प राबवण्यात आला. त्यातील सहभागी मुलांचा प्रौढ वयापर्यंत मागोवा घेण्यात आला. नोबेल पुरस्कारप्राप्त अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन व सहकाऱ्यांनी या प्रकल्पावरील खर्चाचा सामाजिक परतावा वार्षिक ७ ते १० टक्के असल्याचा अंदाज मांडला.
• जमैकात खुंटलेल्या वाढीच्या १२९ बालकांचा अभ्यास झाला. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जाऊन मातेला मुलाशी खेळण्या-बोलण्याच्या रीती दाखवत. वीस वर्षांनंतर या गटाची कमाई तुलनेच्या गटापेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळली.
• ग्वाटेमालातील खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात पौष्टिक पेय देण्याचा प्रयोग झाला. पहिल्या दोन वर्षांच्या वयात ते मिळालेल्या पुरुषांची प्रौढपणीची ताशी कमाई सुमारे ४६ टक्के अधिक आढळली.
• तमिळनाडूमध्ये ६४० अंगणवाड्यांपैकी ३२० केंद्रांत केवळ शालापूर्व शिक्षणासाठी एक अर्धवेळ सेविका वाढवण्यात आली. त्यामुळे शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांची भाषा व गणितातील प्रगती सुधारली आणि खुंटलेल्या वाढीचे व तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले.

यांपैकी शेवटचा अभ्यास भारतीय परिस्थितीशी सर्वांत जवळचा आहे. नवी इमारत वा महाग साधने न आणता, असलेल्या केंद्रात एका व्यक्तीचे काही तास वाढवल्याने हा बदल झाला.

रोजगारनिर्मिती

संगोपन हे माणसांनी माणसांसाठी करावयाचे काम असल्याने त्यावरील खर्चाचा मोठा भाग मानधन व वेतनाच्या रूपाने स्थानिक स्त्रियांच्या हाती जातो. अंगणवाडी सेविका व मदतनीस त्याच गावातील रहिवासी असतात. अनेक खेड्यांत अंगणवाडी हे स्त्रियांना गावातच नियमित मासिक उत्पन्न देणाऱ्या मोजक्या कामांपैकी एक आहे.

परभणी जिल्हा

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा हे नऊ तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्यातून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती आणि तिच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. गोदावरी, पूर्णा व दुधना या प्रमुख नद्या आहेत. जायकवाडीचा डावा कालवा आणि जिंतूर तालुक्यातील येलदरी धरण यांमुळे काही भागाला सिंचन मिळते; उरलेली शेती पावसावर अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही महत्त्वाची पिके असून सेलू व मानवत कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखली जातात.

शेतीचा हंगाम आणि मुलांचा सांभाळ

खुरपणी व कापसाची वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. वेचणीचा मुख्य काळ दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन हिवाळाभर चालतो. वेचणीची मजुरी सहसा किलोवर ठरते. त्यामुळे बांधावरच्या झाडाला साडीची झोळी बांधून तान्ह्या मुलाला निजवणारी आणि मधूनमधून त्याच्याकडे धावणारी माता तितका कमी कापूस वेचते, आणि संध्याकाळच्या वजनात तो फरक थेट दिसतो. रोजंदारीच्या कामात हे नुकसान झाकले जाते; किलोवरच्या कामात ते मोजता येते. ऊन, विंचू-सर्पांचा उपद्रव आणि फवारलेल्या कीटकनाशकांचा संपर्क ही जोखीम मुलाच्या वाट्याला येते, ती वेगळीच.

अंगणवाडी साधारणतः चार ते सहा तास चालते, तर मजूर स्त्री सकाळी घरातून निघून संध्याकाळी परतते. मधल्या तासांत मूल आजी, शेजारीण वा थोरल्या बहिणीजवळ राहते. एकत्र कुटुंबे विभागली गेली आणि वृद्ध स्त्रियाही मजुरीला जात असल्या, की हा आधार अपुरा पडतो. तीन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत अडचण अधिक तीव्र होते, कारण त्यांना अंगणवाडीत बसवण्याची सोय सहसा नसते.

ऊसतोडीचे स्थलांतर

बीड जिल्ह्याप्रमाणेच परभणी जिल्ह्यातील, विशेषतः गंगाखेड, सोनपेठ, पालम व जिंतूर या भागांतील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. दिवाळीच्या आसपास सुरू झालेला हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नी मिळून जोडीने काम करतात. या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि हिशेब जोडीने तोडलेल्या टनांवर होतो. जोडीतील एकाचे काम थांबले की दोघांची कमाई घटते. म्हणून मूल सांभाळण्यासाठी मातेला कोपीवर थांबणे परवडत नाही. पहाटे फडात जाताना मूलही सोबत जाते.

या कुटुंबांच्या शाळकरी मुलांसाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहे आणि अलीकडे शासकीय वसतिगृह योजना असे उपाय करण्यात आले. हे सर्व उपाय शाळेच्या वयातील मुलांसाठी आहेत. सहा वर्षांखालील मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवता येत नसल्याने ती तळावरच राहतात आणि गावातील अंगणवाडीचा आहार, लसीकरण व शिक्षण यांत सुमारे पाच-सहा महिन्यांचा खंड पडतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'पोषण ट्रॅकर' या संगणकीय नोंदप्रणालीत स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करण्याची सोय आहे. परंतु गावाबाहेर, दर काही दिवसांनी हलणाऱ्या फडाच्या जवळ केंद्र असल्याखेरीज या नोंदीचा उपयोग मर्यादित राहतो.

शिक्षण व संशोधन संस्था

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात सामुदायिक विज्ञान (पूर्वीचे गृहविज्ञान) महाविद्यालय आहे. तेथे मानव विकास हा स्वतंत्र अभ्यासविषय असून विद्यार्थ्यांना बालविकासाचे प्रत्यक्ष निरीक्षण करता यावे यासाठी पूर्वप्राथमिक शाळाही चालवली जाते. कृषी विद्यापीठात बालविकासाचा अभ्यास असणे सयुक्तिक आहे, कारण शेतीतील स्त्रीश्रम आणि मुलांचे संगोपन हे एकाच घरातील प्रश्न असतात.

कायदेशीर तरतुदी

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये बदल होऊन सर्व बालकांना सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत संगोपन व शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे मार्गदर्शक तत्त्व आले. याच दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयासाठी शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. परिणामी सहा वर्षांखालील मुलांचे शिक्षण हे राज्याचे उद्दिष्ट राहिले, हक्क झाले नाही. अन्य प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

• कारखाने अधिनियम, १९४८ : ३० पेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक होते.
• इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ : ५० पेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या बांधकामाच्या जागी पाळणाघराची तरतूद होती.
• मातृत्व लाभ (सुधारणा) अधिनियम, २०१७ : प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे, ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा.
• राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ : सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहाराचा हक्क.
• महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ : कामावर पाच वा अधिक लहान मुले असल्यास त्यांच्या सांभाळासाठी एका स्त्रीची नेमणूक व तिला मजुरीच्या दराने मोबदला अशी तरतूद होती.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेद्वारे ग्रामीण रोजगाराचा जो मार्ग घालून दिला, त्याचाच विस्तार यांतील शेवटच्या कायद्याने देशभर केला. त्यातील पाळणाघराच्या तरतुदीमागे सरळ आर्थिक हिशेब आहे. एका स्त्रीच्या मजुरीत अनेक मातांचे श्रम मोकळे होतात. आस्थापनांसाठीचे कायदे मात्र ठरावीक संख्येच्या कामगारांना नोकरीवर ठेवणाऱ्या मालकांनाच लागू होतात. दररोज वेगळ्या शेतात जाणाऱ्या मजूर स्त्रीला त्यांचा लाभ मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेल्या आदेशानुसार, सहा वर्षांखालील किमान ४० मुले असून अंगणवाडी नसलेल्या वस्तीला मागणीनंतर तीन महिन्यांच्या आत केंद्र मिळण्याचा हक्क आहे. केंद्र शासनाच्या 'पाळणा' योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड देण्याची तरतूद आहे. कर्नाटकात २०२३ पासून रोजगार हमीवरील स्त्रियांच्या मुलांसाठी ग्रामपंचायत पातळीवर 'कूसिन मने' (बाळाचे घर) ही पाळणाघरे उभारण्यात येत आहेत.

खर्च व शुल्क

अंगणवाडीची सेवा पालकांसाठी विनामूल्य आहे. महाराष्ट्रात पूरक आहाराचा खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. बहुतेक इतर घटकांसाठी हे प्रमाण ६०:४० आहे. २०१७ मध्ये सुधारलेल्या दरानुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या सर्वसाधारण बालकामागे आहारासाठी दिवसाला आठ रुपये धरले आहेत. वर्षातील ३०० दिवसांचा हा खर्च २,४०० रुपये होतो. त्यातून ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. धान्य, डाळी, तेल व इंधन यांच्या दरवाढीबरोबर ही रक्कम आपोआप वाढत नाही.

सेविका व मदतनीस यांना शासकीय कर्मचारी न मानता 'मानसेवी' समजले जाते आणि मिळणाऱ्या रकमेला मानधन म्हणतात. २०२३-२४ च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये, मिनी अंगणवाडी सेविकेचे ५,९७५ वरून ७,२०० रुपये आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये करण्याची घोषणा झाली. मानधनवाढ, निवृत्तिवेतन व अन्य मागण्यांसाठी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातील सेविका-मदतनीसांनी दीर्घ संप केला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस उपदानास (ग्रॅच्युइटी) पात्र असल्याचा निर्णय दिला होता.

खासगी बालवाड्यांचे शुल्क पालक भरतात. तालुक्याच्या गावांतही इंग्रजी माध्यमाच्या नर्सरी वाढल्या असून मर्यादित उत्पन्नाची कुटुंबे शुल्क, गणवेश व वाहन यांवर खर्च करतात. १९९० च्या दशकात प्राचार्य राम जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने महाराष्ट्रातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा विचार केला होता. तथापि शिक्षण हक्क अधिनियम, २००९ सहा वर्षांपुढील वयास लागू असल्याने खासगी पूर्वप्राथमिक वर्ग दीर्घकाळ प्रभावी नियमनाबाहेर राहिले.

दर्जाचा प्रश्न

संगोपन स्वस्त असणे पुरेसे नाही. क्यूबेकमधील योजनेने मातांचा रोजगार वाढला, परंतु काही अभ्यासांत तेथील मुलांच्या वर्तनावर प्रतिकूल परिणामही दिसले. घाईने वाढवलेल्या केंद्रांचा दर्जा हे त्याचे एक कारण सांगितले जाते. भारतात आसाम, राजस्थान व तेलंगण या राज्यांत २०११ ते २०१६ दरम्यान झालेल्या मोठ्या अभ्यासात अंगणवाडी आणि खासगी बालवाडी या दोन्हींतील बहुसंख्य मुलांची शालेय पूर्वतयारी अपुरी आढळली. शुल्क घेणाऱ्या केंद्रांत पाठांतर व लेखनावर भर, तर अंगणवाड्यांत शिक्षणाला वेळच कमी, असे चित्र त्यातून पुढे आले.

दर्जाचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे सांगता येतील : सेविकेमागे मुलांची मर्यादित संख्या, तिचे प्रशिक्षण, खेळ व संवादासाठी राखलेला वेळ, मातृभाषेचा वापर, स्वच्छ पाणी व शौचालय, पुरेसा आहार आणि सुरक्षित जागा. यांपैकी बहुतेक घटक महाग साधनांवर अवलंबून नाहीत, हे बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगांनी पूर्वीच दाखवले आहे. सेविकेचा वेळ मात्र मर्यादित असतो. आहारवाटप, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी, विविध सर्वेक्षणे व भ्रमणध्वनीवरील माहिती भरणे यांतून शिकवण्यासाठी उरणारा वेळ कमी होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा 'पायाभूत स्तर' मानून अंगणवाडी व पहिली-दुसरी यांना एका साखळीत जोडले. २०२३ मध्ये केंद्र शासनाने 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रम सुरू करून अंगणवाडीतील शालापूर्व शिक्षणावर भर दिला.

सार्वजनिक प्रयत्नांनी बदल घडू शकतो याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन मराठवाड्यातून, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून सुरू केले. दोन वर्षांखालील बालकांतील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते सुमारे २३ टक्के आढळले. या घटीत मिशनबरोबर उत्पन्नवाढ, स्त्रीशिक्षण आणि अन्य सेवांचाही वाटा असल्याचे मानले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ३५.२ टक्के, म्हणजे २०१५-१६ च्या ३४.४ टक्क्यांपेक्षा किंचित अधिकच होते.

मतभेद व मर्यादा

या विषयावरील आर्थिक मांडणीवर काही आक्षेप घेतले जातात. पेरी प्रकल्प लहान व खर्चिक होता. त्याचा परतावा लाखो केंद्रांच्या योजनेला जसाच्या तसा लागू करता येत नाही. गावात रोजगारच नसेल, तर केवळ पाळणाघराने स्त्रीची कमाई वाढत नाही. कापसासारख्या पिकात वेचणीचा दर, पाऊस व बाजारभाव यांचा परिणामही मोठा असतो.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. बालकाचे पोषण व शिक्षण हा त्याचा हक्क आहे. परताव्याच्या टक्केवारीवर तो अवलंबून ठेवू नये, असे बालहक्क कार्यकर्ते मानतात. स्त्रियांच्या श्रमाला मोकळीक देणारी ही व्यवस्था स्वतः मात्र अल्प मानधनावरील स्त्रीश्रमावर उभी आहे, या विसंगतीकडे अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटना लक्ष वेधतात. संगोपनाची जबाबदारी पित्याचीही असल्याने केवळ मातेच्या संदर्भात होणारी चर्चा अपुरी आहे, असेही मत मांडले जाते.

केंद्रांची वेळ शेतीच्या हंगामाशी जुळवणे, तीन वर्षांखालील मुलांना सांभाळाच्या व्यवस्थेत आणणे आणि स्थलांतराच्या काळात सेवा अखंड ठेवणे ही तीन कामे परभणीसारख्या जिल्ह्यांपुढे आहेत. अंगणवाड्यांचे जाळे गावोगाव उभे असल्याने त्यांसाठी नव्याने प्रारंभ करावा लागत नाही. असलेल्या केंद्रांना वेळ, मनुष्यबळ व निधी यांची जोड द्यावी लागते.

हे सुद्धा पहा

• एकात्मिक बाल विकास सेवा योजना
• ताराबाई मोडक
• अनुताई वाघ
• परभणी जिल्हा
• ऊसतोड कामगार
• राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०